सव्विसावं घर

इंदुमती खारगे आजारी नव्हती. एकटी होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सरकारलाही ठाऊक होतं. फक्त सरकारकडे आजारासाठी खातं होतं, एकटेपणासाठी नव्हतं. म्हणून एका मंगळवारी सकाळी तिच्या दारात निळा एप्रन घातलेली एक पोरगी येऊन उभी राहिली, तेव्हा इंदूला वाटलं ती काहीतरी विकायला आलीय.

"खारगे अक्का तुम्हीच न्हवं? मी रेश्मा. मनराखणमधनं आलेय."

"काय विकायचंय?"

"काय नाही. बसायला आलेय."

"कुणाकडं?"

"तुमच्याकडंच की."

इंदूनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा सुहास बंगळूरला होता, आणि या घरात नुसतं बसायला म्हणून शेवटचं कोण आलं होतं ते तिला आठवेना.

"मला काय झालंय?" तिनं विचारलं.

"अजून काय नाही झालं," रेश्मा म्हणाली. "म्हणूनच आलेय."

रेश्माला पाठवलं होतं विजेच्या मीटरनं. इचलकरंजीत लोक त्याला 'शहाणा' म्हणत. जुनं मीटर नुसती युनिटं मोजायचं. शहाणा तारेतून जाणारा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तपासतो. घरातलं प्रत्येक यंत्र चालू होताना त्या प्रवाहाला आपापल्या पद्धतीनं धक्का देतं. मिक्सरची मोटर झटका देऊन उठते, गिझर सरळ भिंतीसारखा चढतो, फ्रिज ठरावीक वेळानं कुंथतो, दिवा टिचकी मारतो. या धक्क्यांवरून, घरात पाऊल न टाकता, आत कोण कधी उठलं, काय शिजवलं, कधी झोपलं हे ओळखता येतं.

इथवर नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते पुढचं. संशोधकांनी लाखभर घरांचा प्रवाह वर्षानुवर्षं तपासला आणि त्यातली ज्यांची माणसं पुढं नैराश्यानं आजारी पडली, ती घरं वेगळी काढली. माणूस पडायच्या सहा-एक आठवडे आधी घर पडतं, असं त्यांना दिसलं. मिक्सर थांबतो. गिझर एक दिवसाआड होतो. इस्त्री लागत नाही. पहाटे भलत्याच वेळी स्वयंपाकघरातला दिवा लागतो आणि जळत राहतो. माणूस "मी बरा आहे" म्हणत असतो, बायकोला सांगतो, डॉक्टरला सांगतो, स्वतःलाही सांगतो. वीज खोटं बोलत नाही. म्हणजे तसं त्यांना वाटत होतं.

मग धोरण आलं, नाव मनराखण. पडल्यावर उचलण्यापेक्षा पडायच्या आधी धरा. ऐकायला किती छान! खरंही आहे, अर्धं. आजार व्हायच्या आधी कोणी आठवड्यातून एकदा येऊन बसलं, बोललं, चार पावलं बाहेर घेऊन गेलं, तर पडणारी निम्मी माणसं पडत नाहीत, हे प्रयोगात दिसलं होतं. पण धोरण करणाऱ्यांनी दुसरं अर्धं फार हौसेनं केलं. धरणाऱ्यांचे पगार काढायला त्यांनी उचलणाऱ्यांचे कापले. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या मनोरुग्णांच्या खाटा कमी झाल्या, मग वॉर्ड एका खोलीत आला, मग त्या खोलीत मनराखणचं प्रशिक्षण केंद्र निघालं. उद्घाटनाला फुगे होते.

रेश्मासारख्या प्रत्येक सखीला पंचवीस घरं. शहाण्यानं लावलेल्या क्रमातली वरची पंचवीस. आठवड्यातून एकदा, पाऊण तास.

रेश्मा पहिल्या मंगळवारी पाऊण तास बसली आणि इंदू तिच्याशी एक अक्षर गोड बोलली नाही. दुसऱ्या मंगळवारी इंदूनं चहा केला. तिसऱ्या वेळी रेश्मानं आपल्या सासूची तक्रार केली, तेव्हा इंदू म्हणाली, "तुझी सासू शहाणी आहे. तूच बावळट. भाकरी अशी थापतात व्हय?" आणि पीठ काढून तिला थापून दाखवली. दोघी हसल्या. हसताना इंदूला खोकला आला, इतकी सवय गेली होती.

मग सोमवार हा मंगळवारच्या आधीचा दिवस झाला. सोमवारी इंदू शेंगदाण्याची चटणी करायची, लसूण घालून, मिक्सरला दोनदा फिरवून. साडीला इस्त्री करायची. मंगळवारी लवकर अंघोळ करायची, त्यासाठी गिझर लावायची. बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये तिनं झाडलोट केली. चार माग होते तिथं. नवरा गेल्यावर ते भंगारात गेले, कारण गावात आता बिनधोट्याचे मोठे माग आले होते, ज्यांना धोट्यातल्या सुताच्या कांड्या लागत नाहीत, आणि इंदूनं आयुष्यभर कांड्याच भरल्या होत्या. रिकाम्या शेडमध्ये रेश्माला उभं करून तिनं कुठला माग कुठं होता ते सांगितलं. रेश्मानं ऐकलं. पगारासाठी ऐकलं असेल, पण ऐकलं.

श्रावण संपता संपता रेश्मा आली ती पेढ्याचा पुडा घेऊन.

"अक्का, अभिनंदन! तुम्ही हिरव्यात आला."

"म्हणजे?"

"म्हणजे बऱ्या झाला. मीटरनं दाखवलं. सहा आठवड्यांची सरासरी एकदम टकाटक."

"मग?"

रेश्मानं पुडा सोडायला जरा जास्तच वेळ लावला. "मग आता मी नाही यायची. दुसरं घर लागलंय."

इंदूनं पेढा घेतला नाही. "म्हणजे मी तुझ्यासाठी चटणी वाटली, ती मला भोवली म्हण की."

त्या रात्री तिनं सुहासला फोन लावला. मीटरच्या अ‍ॅपवर ती लाल होती तेव्हा तोच रोज करायचा. 'काय आई, जेवलीस का' ठरलेलं.

"आई, मीटिंगमध्ये आहे. काही विशेष?"

"काय नाही. रेश्मा यायची बंद झाली."

"अगं चांगलंच आहे ना मग! अ‍ॅपवर सगळं हिरवंगार दिसतंय. मला एवढं बरं वाटलं बघून. ठेवू?"

ठेवला. मुलगा वाईट नव्हता. आईची काळजी वाटली की तो अ‍ॅप उघडायचा, हिरवं बघायचा आणि काळजी मिटायची. पूर्वी ती मिटवायला फोन करावा लागायचा.

दिवाळीपर्यंत इंदूनं सोसलं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. किराणा यायचा, पोऱ्या दारात ठेवलेल्या सामानाचा फोटो काढून जायचा. एके दिवशी भाजीवालीला "सुट्टे आहेत" असं म्हणताना तिला आपलाच आवाज परका वाटला. आणि तेव्हा तिनं ठरवलं: पडायचं.

कसं पडायचं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. मोटर उठताना काय करते, भार कधी खेचते, हे कांडी मशीनवर बसून जन्म गेलेल्या बाईला कळतं. तिनं मिक्सर कपाटात ठेवला आणि कोपऱ्यातला पाटा-वरवंटा धुऊन काढला. चटणी पाट्यावर. अंघोळीचं पाणी गॅसवर. इस्त्री बंद, साड्या गादीखाली घालून दाबायच्या. टीव्ही बंद. झोपायला जाताना स्वयंपाकघरातला दिवा लावून ठेवायचा, आणि आतल्या खोलीत तोंडावर पांघरूण घेऊन गाढ झोपायचं. इतकं चांगलं ती वर्षात जेवली नव्हती. मिक्सरच्या चटणीला पाट्याची सर येत नाही. शहाण्याच्या हिशेबी मात्र ती बाई उपाशी, मळकी, रात्र रात्र जागी, हळूहळू विझत चाललेली.

दीड महिन्यानं सुहासचा फोन आला. "आई, बरी आहेस ना? खरं सांग." पाठोपाठ मंगळवारी रेश्मा.

इंदूला इतका आनंद झाला की तो लपवायचा म्हणून ती चेहरा पाडून बसली.

रेश्मानं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग पाणी प्यायला आत गेली. बाहेर आली ती ग्लास न घेताच.

"अक्का, पाटा ओला आहे."

इंदूनं चेहरा आणखी पाडला.

"आणि डब्यात चटणी. ताजी."

"मग? चटणी खायची बंदी आहे काय?"

"किती दिवस चाललंय हे?"

"तुला काय करायचंय? तू आलीस न्हवं? झालं तर. तुझी नोकरी बसायची आहे, बस."

रेश्मा बसली नाही. या पोरीला चिडलेलं इंदूनं कधी बघितलं नव्हतं.

"अक्का, पंचवीसच घरं असतात. तुम्ही आत आला, तेव्हा एक बाहेर गेलं."

"कुठलं?"

"सांगता येत नाही."

"रेश्मे."

"मागच्या गल्लीतलं. म्हेत्रे जॉबर."

शंकर म्हेत्रे. गावात माग नीट चालत होते तोवर जॉबरला मान होता. माग बिघडला की जॉबर यायचा, पान्हा घेऊन आत शिरायचा आणि माग गायला लागायचा. इंदूच्या घरचे चारही माग त्याच्याच हातचे. नव्या मागांना जॉबर लागत नाही, कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो. म्हेत्रेची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, हे इंदूला माहीत होतं. बस, तेवढंच माहीत होतं.

"कसा आहे?"

"मी जायचे तेव्हा बोलायचा नाही. भिंतीकडं बघत बसायचा. पण दार उघडायचा. एकदा माझ्या गाडीचं स्टँड बसवून दिलं."

"मग त्याला सोडून मला कशाला धरलं? तुमच्या त्या मीटरला डोळे नाहीत?"

रेश्मानं सांगितलं ते असं. शहाणा प्रत्येक घर त्याच्या स्वतःच्या जुन्या सवयीशी ताडून बघतो. घसरण दिसली की धोका. म्हेत्रे घसरला तेव्हा तो वरती होता, पहिल्या पाचात. पण वर्षभर तो त्याच अवस्थेत राहिला. एक दिवा, तोही कधीमधी, बाकी काही नाही. हळूहळू तीच त्याची सवय ठरली. पडलेला माणूस आणखी पडत नाही. यंत्र उताराला घाबरतं, तळाला नाही. त्याच्या नावापुढं आता 'स्थिर' असा शेरा होता, आणि क्रमांक सव्विसावा.

"स्थिर," इंदू म्हणाली. "मढंही स्थिरच असतंय."

"मी साहेबांना म्हणाले, त्याला दवाखान्यात दाखवा. म्हणाले, आपलं काम आधीचं. नंतरचं वेगळ्या खात्याकडं. ते खातं कुठं आहे विचारलं तर म्हणाले, क्रमानं जा."

इंदू त्याच दुपारी केंद्रावर गेली. समन्वयक तेजस बिरनाळे, वय असेल तिशीच्या आतलं. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आवाज मऊ केला. आवाज मऊ करायचंही प्रशिक्षण असतं.

"साहेब, मी खोटं वागले. मला काही झालेलं नाही. माझं नाव काढा आणि मागच्या गल्लीतल्या म्हेत्रेंना घ्या."

"मावशी, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे."

"वाटत नाही. मी केलंय. मिक्सर कपाटात ठेवला, दिवा चालू ठेवला."

"म्हणजे दिनचर्येत बदल झाला."

"मुद्दाम केला!"

"आणि आता तुम्हाला अपराधी वाटतंय. आपण मदतीच्या लायक नाही, आपली जागा दुसऱ्याला द्यावी." तो टाइप करत होता. "मावशी, हे सगळं लक्षणांमध्ये बसतं. मी तुम्हाला पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून दोन भेटी देतो. मंगळवार आणि शुक्रवार."

"अरे लेका, दोन मला नकोत! त्याला एक दे!"

"चिडचिड," तो स्वतःशी म्हणाला आणि तेही टाइप केलं.

घरी येऊन इंदूनं मिक्सर बाहेर काढला. रिकामाच फिरवला. गिझर लावला, इस्त्री लावली, टीव्ही मोठ्यानं लावला, भर दुपारी घरातलं जे जे बटण होतं ते दाबलं. मग तिच्या लक्षात आलं. सहा आठवड्यांची सरासरी. ती आजपासून कितीही बरी झाली तरी मीटरला दीड महिन्यानं कळणार. तोवर म्हेत्रे भिंतीकडं बघत बसणार.

तिनं सगळं बंद केलं आणि बसून राहिली. पूर्वी या गल्ल्यांमध्ये रात्रंदिवस खटखट असायची. कुणाची खटखट अवेळी थांबली की शेजारचा माणूस तोंड घालायचा: "काय गा, माग का बंद? दोरा तुटला का नवरा-बायकोचं वाजलं?" चौकशीत अर्धा चहाटळपणा असायचा, पण येणारा यायचा. सरकारनं मीटर बसवलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. आता बघणारं कोणीतरी आहे, आपण नाही बघितलं तरी चालतंय. इंदूच्या मोरीची भिंत आणि म्हेत्रेच्या मोरीची भिंत एकच होती. वर्षभर त्या भिंतीपलीकडं आवाज नव्हता, आणि वर्षभर तिला तो नाही हे जाणवलंही नव्हतं. ती मंगळवार मोजत होती.

मंगळवारी रेश्मा आली.

"माझ्याऐवजी तू त्याच्याकडं जा," इंदू म्हणाली.

"हजेरी तुमच्या मीटरजवळ लागते, अक्का. फोन बघतो. पाऊण तासाच्या आत हललं की भेट रद्द आणि पगार कापतात."

"मग हलू नको." इंदूनं चप्पल पायात घातली. "बस इथं मीटरपाशी. चटणी-भाकरी झाकून ठेवलीय. मी जाऊन येते."

"अक्का! भेट तुमची आहे!"

"असू दे."

तिला वाईट वाटलं नाही असं नाही. आठवडाभर जिची वाट बघितली, ती पोरगी आपल्याच घरात एकटी बसलेली सोडून ती निघाली, तेव्हा कोपऱ्यावर तिनं एकदा थांबून मागं बघितलं. पण वळली.

म्हेत्रेचं दार बंद होतं. खिडकीची एक फळी उघडी. आत काळोख.

"म्हेत्रे!"

आतून, "कोण?"

"मी. खारगेंची इंदू."

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"सखी का तुम्ही आता? माझं नाव कटलंय. लांबचं घर आहे तुमचं, चुकून आला असाल."

"अहो मागची भिंत आपली एकच आहे! मी सहज आलेय."

'सहज' हा शब्द तिलाच खोटा वाटला. सहज कोण येतं? दारावर आलेल्या माणसाला आता सगळे एकच विचारत: कुणी पाठवलं. ती घरून चार वाक्यं जुळवून आली होती. जेवण वेळेवर होतं का, तब्येत कशी, बाहेर येऊन बसा जरा. रेश्माचीच वाक्यं. तिनं ती म्हटली.

"जा वहिनी," शेवटी तो म्हणाला. आवाज थकलेला, पण भला. "मला काय नको."

ती वळली. आणि तिचा पाय ओला झाला.

नळाचा दिवस होता. इचलकरंजीत पाणी चार दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी माणसं लग्न सोडून घरी येतात. म्हेत्रेच्या दारातली पाइप पिंपात सोडलेली होती. पिंप केव्हाच भरलं होतं आणि चांगलं पिण्याचं पाणी कडेवरून ओसंडून गटाराकडं निघालं होतं.

इंदूचं डोकं फिरलं. जुळवून आणलेली दया एका क्षणात गेली.

"म्हेत्रे! पाणी चाललंय गटारात!"

"वाहू दे."

"वाहू दे? वाहू दे म्हणताय? वरच्या गल्लीत टँकर लागतोय, बायका घागरी घेऊन भांडतात, आणि वाहू दे? तुमच्या बापाचं पाणी आहे काय?"

"वहिनी, बाप काढू नका."

"काढणार! सकाळपासनं चालू असेल हे! लाज आहे का? घरात बसून भिंती बघता, तर पाइप बघायला काय होतंय?"

"मी काय बघतो ते मला सांगू नका! इतके दिवस कुठं होता तुम्ही?"

"मेले होते! तुम्ही तरी कुठं आला होता माझ्याकडं बघायला?"

एवढं बोलून ती खाली बसली आणि नळाचा कॉक धरून फिरवायला लागली. जाम होता. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला.

"उलटा फिरवताय!" आतून ओरडा आला. "आटे जातील! सोडा! वहिनी, सोडा म्हणतोय ना!"

कडी वाजली. दार उघडलं. म्हेत्रे बाहेर आला. दाढी छातीपर्यंत, बनियन काळं पडलेलं, उजेडानं डोळे मिटलेले. त्यानं न बघताच तिचा हात बाजूला केला, कॉकवर बोटं ठेवली, थोडं मागं घेतलं, थोडं पुढं, आणि दाबून फिरवला. पाणी थांबलं.

"अक्कल नाही तर हात कशाला लावायचा," तो म्हणाला.

"तुम्हाला अक्कल आहे तर उठायचं नाही आधी?"

तो धापा टाकत होता. तो आत जाईल असं तिला वाटलं. तो पायरीवर बसला, कारण त्याला उभं राहवत नव्हतं. इंदू दुसऱ्या टोकाला बसली. भांडण संपलं होतं आणि पुढं काय बोलायचं ते दोघांनाही येत नव्हतं. सवय मोडली होती.

तिचा फोन वाजला. रेश्मा.

"अक्का, माझी वेळ झाली. निघू? का थांबू जरा?"

इंदूनं म्हेत्रेकडं बघितलं. तो ओल्या पायांकडं बघत होता.

"नीघ," ती म्हणाली. "दार नुसतं ओढून घे."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं तसंच झालं. आतून सगळं एकदम रिकामं झालं, दर मंगळवारी रेश्मा गेल्यावर व्हायचं तसं. ती उठली नाही.

"चहाला दूध नाही माझ्याकडं," म्हेत्रे म्हणाला.

"मी मागितला काय?"

"नाही. सांगितलं."

"साखर तरी आहे?"

त्यानं विचार केला. खरोखरच विचार केला. किती दिवसांत डबा उघडला नव्हता ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"बघावी लागेल," तो म्हणाला, आणि उठण्यासाठी चौकटीला हात घातला.